पांच स्थानकांपलीकडचें देऊळ

"तुमच्या घराजवळ इतकें जुनें असें काय आहे?" असा प्रश्न एका मराठी मुलीला परदेशांतील एका पुलावर विचारण्यांत आला, आणि त्याचें उत्तर तिला देतां आलें नाहीं. प्रश्न विचारणारी तिची जपानी मैत्रीण होती. पूल होता जपानांतील इवाकुनि गांवचा सुप्रसिद्ध किंताइ पूल. आणि जी निरुत्तर झाली ती मुलगी डोंबिवलीच्या एका सुशिक्षित घरांतील, शिक्षणानिमित्त दोन वर्षें हिरोशिमा शहरीं राहिलेली. प्रथम तिनें अजिंठा आणि वेरूळ हीं नांवें मोठ्या अभिमानानें सांगितलीं. मैत्रिणीनें तीं आदरानें ऐकून घेतलीं आणि मग सहज विचारलें, "तीं तुझ्या घरापासून किती दूर?" रात्रभराचा प्रवास आहे असें ऐकल्यावर ती म्हणाली, "तसें नव्हे. जवळचें काय? तूं लहानपणीं आजोबांचा हात धरून पाहायला जात होतीस असें?" त्या प्रश्नांत उणें काढण्याचा हेतु मुळींच नव्हता, म्हणूनच तो मुलीच्या जिव्हारीं लागला.

ज्या पुलावर हा प्रश्न निघाला त्याची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. इवाकुनि हें निशिकि नदीच्या कांठचें एक जुनें संस्थानी गांव. नदीला वादळी पावसांत मोठे पूर येत आणि पूल टिकत नसत. १६७३ सालीं तेथील तिसरे अधिपति किक्कावा हिरोयोशि यांनीं पात्रांत दगडी आधार उभारून त्यांवर लांकडाच्या पांच कमानींचा पूल बांधविला. पुढच्याच वर्षीं तो पुरानें वाहून गेला. अधिपतींनीं हाय न खातां त्याच वर्षीं दगडी आधार अधिक मजबूत करून तो पुन्हां उभा केला. आणि हा दुसरा पूल पुढें पावणेतीनशें वर्षें नदीला पुरून उरला. १९५० सालच्या सप्टेंबरांत एका मोठ्या वादळांत तोही गेला. १९५३ सालीं गांवानें तो पूर्वीच्याच घडणीचा आणि लांकडाचाच उभारला, आणि २००१ ते २००४ या काळांत पांचही कमानी पुन्हां एकवार नव्यानें बांधण्यांत आल्या. लांबी सुमारें १९३ मीटर, रुंदी ५ मीटर, आणि मधल्या तीन कमानींचा गाळा प्रत्येकीं सुमारें ३५ मीटरांचा. आज त्या पुलावर पाऊल ठेवणारा मनुष्य साडेतीनशें वर्षांच्या वास्तूवरून चालतो, परंतु त्याच्या पायांखालचें लांकूड मात्र कालपरवांचें असतें. जुनी राहिली आहे ती लांकूड जोडण्याची विद्या. बापाच्या वयाच्या सुतारानें मुलाच्या वयाच्या सुताराला हाताखालीं घेऊन ती दिलेली आहे.

त्या गांवीं गेलेला प्रवासी पूल पाहून तसाच परतत नाहीं. तेथील भात खाऊन परततो. मोठ्या लांकडी पेटींत आंबूस केलेल्या भाताचे थर एकावर एक रचतात. थराथरांत मासळी, अंड्याच्या पिवळ्या शेवया, अळंबी आणि कमळाच्या कंदाच्या चकत्या पसरतात. पेटी दाबून ठेवतात आणि मग वड्या पाडून वाढतात. तेथील कमळकंदाचीही ख्याति आहे. अशी वडी तोंडांत घालतांना मैत्रिणीनें पुन्हां विचारलें होतें, "आणि तुझ्या गांवीं जवळपास काय खातात?" याही प्रश्नाला मुलीजवळ वडापाव यापलीकडे उत्तर नव्हतें.

ती घरीं परत आली तेव्हां जेवणाच्या ताटावर तिनें ही गोष्ट हंसत हंसत सांगितली. आजोबा हंसले नाहींत. ते म्हणाले, "अंबरनाथाचें देऊळ आहे कीं. इवाकुनिच्या पुलाहून सहाशें वर्षांनीं जुनें. येथून पांचवें स्थानक."

"तुम्ही केव्हां पाहिलें, आजोबा?"

आजोबांनीं पाण्याचा पेला खालीं ठेवला. चाळीस वर्षें त्यांनीं मुंबईची नोकरी केली. रोज पहांटे त्यांची गाडी पश्चिमेकडे गेली आणि रोज सायंकाळीं डोंबिवलीस त्यांना उतरवून पूर्वेकडे निघून गेली. फलाटावरील पाटीवर "अंबरनाथ" आणि "बदलापूर" हीं नांवें त्यांनीं हजारों वेळां वाचलीं होतीं. त्या गाडींत बसून राहण्याचें मात्र त्यांच्या हातून कधीं घडलें नव्हतें. "पाहिलें नाहीं," ते म्हणाले. "येत्या रविवारीं पाहूं."

अशा रीतीनें जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत, मृग नुकताच लागलेला असतां, आजोबा, आजी, ही नात आणि तिचा बारा वर्षांचा धाकटा भाऊ अशीं चौघें जणें सकाळच्या गाडीनें निघालीं. नातीचा बेत आधीं उल्हासनगरला उतरून न्याहारी करण्याचा होता. आजीनें तो मोडून काढला. "देवाच्या दारांत भरल्या पोटानें जायचें नाहीं," असें ती म्हणाली, आणि प्रवासाचा क्रम तेथेंच ठरला: प्रथम देऊळ, मग उल्हासनगरचें जेवण, आणि शेवटीं बदलापूर.

हा लोहमार्ग स्वतःही कांहीं कमी जुना नाहीं. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली गाडी धांवली, १८५४ सालीं ती कल्याणला पोंचली आणि १८५६ सालीं खोपोलीपर्यंत गेली. कल्याण सोडल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ हीं स्थानकें इतक्या जवळजवळ येतात कीं, एक वस्ती कोठें संपली आणि दुसरी कोठें सुरू झाली हें खिडकींतून कळत नाहीं. अंबरनाथला उतरून पूर्वेच्या बाजूस थोड्या अंतरावर गेलें म्हणजे इमारतींच्या आणि दुकानांच्या गर्दींतून एकाएकीं काळ्या दगडाची ती वास्तु पुढें येते.

प्रथमदर्शनीं देऊळ उंच वाटत नाहीं, कारण शिखराचा वरचा भाग आज राहिलेला नाहीं. परंतु जवळ जाऊन भिंतीकडे पाहूं लागलें कीं नजर हलत नाहीं. भिंत म्हणून सपाट अशी कोठें नाहींच. ती कोनाकोनांनीं पुढें आलेली, पुन्हां आंत गेलेली. आणि प्रत्येक कोनावर देवदेवता, सुरसुंदरी, कीर्तिमुखें आणि वेलबुट्टी. शिखरावर खालून वर जाणारे उभे पट्टे आहेत, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या आहेत. या रचनेला शिल्पशास्त्रांत भूमिज अशी संज्ञा आहे. तिचा विशेष प्रसार माळव्यांत झाला. सिन्नरचें गोंदेश्वराचें देऊळ याच जातीचें. मध्य प्रदेशांतील उदयपूर येथील परमारांचें उदयेश्वर मंदिरही याच जातीचें, परंतु अंबरनाथाहून तें थोडें मागाहूनचें.

देवळाचा काळ ठरविण्यास एक शिलालेख उपयोगी पडला. उत्तर कोंकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यांतील मुम्मुणि अथवा मांवाणि राजाच्या कारकीर्दींतील हा लेख आहे, आणि त्यांत त्याच्या आधींच्या छित्तराजाचेंही नांव येतें. म्हणून छित्तराजानें काम आरंभिलें आणि मुम्मुणीनें तें तडीस नेलें असें अभ्यासक समजतात. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं लेखांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं बारकाईनें पाहून तो ९८२ असल्याचें दाखविलें. शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. आजोबांनीं ही गोष्ट सांगितल्यावर धाकट्या नातवाला फार मौज वाटली. "एका अंकानें दोनशें वर्षें!" तो म्हणाला. आजोबा म्हणाले, "म्हणूनच अक्षर नीट काढीत जा."

आंत मंडपांत थंडावा आणि अर्धवट उजेड होता. चार खांबांवर तोललेलें मंडपाचें छत एकांत एक वर्तुळें कोरीत वर गेलेलें आहे. तें पाहतांना मान दुखूं लागते तरी खालीं पाहवत नाहीं. गर्भगृह मंडपाहून खोल आहे. पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें, आणि खालीं पोंचल्यावर वर पाहिलें तर छप्पर नसून आकाश दिसतें. शिखर भंगल्यामुळें देवावर ऊन आणि पाऊस थेट पडतो. त्या दिवशीं मृगाचे थेंब पडत होते. आजीनें हात जोडले आणि पदर डोक्यावरून पुढें ओढला. "अंबरनाथच तो," ती हळूच म्हणाली. "आकाश हेंच त्याचें छत."

नातीच्या मनांत मात्र इवाकुनिचे सुतार होते. बाहेर आल्यावर तिनें विचारलें, "आजोबा, हें शिखर पुन्हां कां बांधीत नाहींत? त्यांनीं तर आख्खा पूल बांधला."

शिक्षित माणसानें विचार करावा असा हा प्रश्न आहे. देऊळ सरकारी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, आणि पूर्वीं नेमकें काय होतें तें ठाऊक असल्यावांचून जुन्या वास्तूवर नवें रचूं नये असा अशा कामांतील नियम आहे. तो योग्यच आहे. १८६८ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेकडून या देवळाचीं मोजमापें आणि शिल्पांचे साचे घेण्यांत आले, परंतु तोंपर्यंत शिखराची पडझड झालेली होती. इवाकुनिच्या सुतारांपाशीं मागल्या पिढ्यांचे नकाशे होते आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे मागल्या पिढीचा अनुभव होता. लांकूड कुजतें म्हणून त्या गांवाला दर कांहीं वर्षांनीं पूल दुरुस्त करावा लागला, आणि दुरुस्त करावा लागला म्हणून विद्या जिवंत राहिली. आपल्या पूर्वजांनीं दगड निवडला. नऊशें साठांहून अधिक वर्षें तो उभा राहिला. त्यानें कोणाकडे कांहीं मागितलें नाहीं, आणि न मागणाऱ्याकडे जसें घरांत दुर्लक्ष होतें तसें त्याच्याकडे झालें. ज्यांनीं हें शिल्प घडविलें त्यांचे आराखडे आज हाताशीं नाहींत. आजोबांनीं नातीला इतकेंच सांगितलें, "दगड राहिला, बाळ. हात राहिले नाहींत."

देवळाच्या शेजारून वालधुनी नदी वाहते. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून ती निघते, अंबरनाथ आणि उल्हासनगर यांच्या वस्तींतून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. शिलाहारांच्या स्थपतींनीं देवाला नदीकांठ पाहून जागा दिली. आज त्या पाण्याला हात लावावासा वाटत नाहीं. कारखान्यांचें आणि गांवांचें सांडपाणी तिनें वर्षानुवर्षें पोटांत घेतलें आहे. २०१४ सालच्या अखेरीस कोणीं तरी रात्रीच्या वेळीं टँकरमधून रसायन तिच्यांत सोडलें. त्याच्या वाफेनें उल्हासनगरच्या शेंकडों नागरिकांचा श्वास कोंडला आणि त्यांना इस्पितळांत न्यावें लागलें. देऊळ जपण्यास पहारेकरी नेमतां येतो. नदीला मात्र तिच्या कांठच्या प्रत्येक घराचा आणि कारखान्याचा पहारा लागतो. आजीनें सवयीनें नदीकडे वळून नमस्कार केला, आणि मग बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं.

अंबरनाथहून उल्हासनगर रिक्षाच्या टप्प्यांत आहे. या नगराचा जन्म श्रोत्यांपैकीं वडील मंडळींना ऐकून ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळच्या माळावर सरकारनें लष्करी छावणी वसविली होती: लांबच लांब बराकी आणि मधून रस्ते. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांत पाकिस्तानांत गेला. १९३६ पर्यंत हाच सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीहून मुंबईला आगबोटी नित्य येत. त्याच बोटींतून आतां निर्वासित उतरूं लागले, आणि सुमारें एक लाख माणसें कल्याणच्या या रिकाम्या बराकींत येऊन राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं तेथें नगराची कोनशिला बसविली, आणि शेजारच्या नदीवरून त्यास उल्हासनगर असें नांव मिळालें. वस्तीचे भाग अजूनही "कँप नंबर एक", "कँप नंबर दोन" असे पांचापर्यंतच्या आंकड्यांनीं ओळखले जातात.

दुपारीं बाराच्या सुमारास ही मंडळी एका लहानशा खाणावळींत शिरलीं. गल्ल्यावर पंचाहत्तरीच्या घरांतील एक गृहस्थ बसले होते. प्रथम पाण्याबरोबर भाजलेले पापड आले. "मागविले नव्हते," आजोबा म्हणाले. "साईं, ते मागवायचे नसतात," गृहस्थ उत्तरले. "सिंध्याच्या दारीं आलेल्या पाहुण्याला कोरडें पाणी देत नाहींत."

रविवार असल्यामुळें कढी-भात होता. कढी म्हटल्यावर आजीच्या मनांत ताक आलें. पानांत आली ती वेगळीच वस्तु. तींत ताकाचा थेंब नसतो. बेसन तेलांत खमंग तांबूस होईपर्यंत भाजतात, त्यांत पाणी घालून उकळतात, आणि चिंचेचा आंबटपणा देऊन शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटे अशा भाज्या सोडतात. बरोबर "टूक" म्हणजे एकदां तळून, दाबून चपटे करून पुन्हां तळलेले बटाटे. पालक, आंबट चुका आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली साईभाजी होती. कांदा घातलेली जाड, खुसखुशीत कोकी होती. दाल-पकवान खरें सकाळचें खाणें, परंतु धाकट्याच्या हट्टावरून तेंही आलें: मैद्याची कडक तळलेली पुरी आणि तिच्यावर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा.

शेवटीं एका वाटींत कसल्याशा कंदाच्या रसांतल्या चकत्या आल्या. प्रत्येक चकतीला गोल गोल भोकें. नात त्या वाटीकडे पाहतच राहिली. "हें तर मी इवाकुनिला खाल्लें!" ती ओरडली.

"हें भी," गृहस्थ म्हणाले. "कमळाचा कंद. तिकडे सिंधू नदीच्या आसपास तळीं फार. आमची आई म्हणायची, चिखल जितका दाट तितकी भी गोड. येथें आल्यावर पहिलीं कित्येक वर्षें तिला बाजारांत भी मिळाली नाहीं. जेव्हां मिळाली तेव्हां तिनें चिखल धुतला आणि रडत बसली."

मग त्यांनीं आणखीही कांहीं सांगितलें. त्यांचा जन्म बराकींतला. एका बराकींत अनेक कुटुंबें, आणि दोन घरांच्या मधली भिंत म्हणजे दोरीवर टांगलेलें गोणपाट. आईबाप शिकारपूरचे; तेथलें घर, हवेलीचा लांकडी दरवाजा, देऊळ, सर्व तेथेंच राहिलें. "आईनें काय आणलें? एक पितळेचा डबा आणि एक लाटणें. गोणपाटाच्या पलीकडून शेजारीण विचारायची, आज काय शिजतें? आणि आई सांगायची. तेवढ्या सांगण्यांत आम्हां मुलांना शिकारपूर दिसायचें."

आजोबांनीं विचारलें, "आणि मुलांना, नातवंडांना?"

गृहस्थांनीं आंतल्या बाजूस बोट दाखविलें. तेथें त्यांची नात पोळपाटावर कोकी लाटीत होती. महाविद्यालयांत शिकणारी, रविवारीं आजोबांच्या मदतीस येणारी. "ती सिंधी बोलत नाहीं. कळतें थोडें. लिपि तर मलाच धड येत नाहीं." १९६७ सालीं सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें, परंतु परिशिष्टांतली भाषा चुलीपाशीं बोलली गेली नाहीं तर ती किती दिवस राहील, ही काळजी त्यांच्या शब्दांत होती. तरीही ते पुढें म्हणाले, "पण कोकी लाटते ती आईसारखी. कडा चिरल्या पाहिजेत, तशा चिरतात."

श्रोत्यांपैकीं कोणास वाटेल कीं, देवळापुढें कोकीची काय प्रौढी? परंतु क्षणभर विचार करून पाहावा. शिकारपूरच्या त्या घराचा एक दगडही सीमेपलीकडून येऊं शकला नाहीं. जें आलें तें हातांतून आलें, आणि तें हातानेंच पुढें द्यावें लागतें. इवाकुनिचे सुतार आणि उल्हासनगरची ही मुलगी एकच काम करीत आहेत. दोघांपाशींही एक पिढी थांबली कीं सर्व थांबलें. नातीनें खाणावळींतून निघतांना त्या दुसऱ्या नातीला कोकीचें पीठ कसें भिजवावें तें विचारून घेतलें, आणि दोघीही वयाला शोभेल अशा हंसल्या.

तिसऱ्या प्रहरीं गाडीनें मंडळी बदलापूरला गेलीं. मुंबईपासून सुमारें ६८ किलोमीटरांवरील हें गांव. पूर्वीं या वाटेनें जाणारे स्वार येथें घोडे बदलीत, म्हणून बदलापूर, असें लोक सांगतात. आतां घोडे नाहींत. परंतु रोज सकाळीं हजारों माणसें येथून गाडी पकडून मुंबईस जातात. तरी गांवाच्या कडेला अजून डोंगर दिसतो, आणि उल्हास नदी येथें अद्याप नदीसारखी दिसते. पावसाळ्यांत तिचा राग मोठा असतो. २००५ सालच्या जुलैंतील महापूर अनेकांच्या स्मरणांत आहे. आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली तेव्हां सुमारें एक हजार पन्नास प्रवाशांना बोटींनीं बाहेर काढावें लागलें. निशिकि नदीनें दोनदां पूल नेला हें ज्यांनीं सकाळीं नातीकडून ऐकलें होतें, त्यांना नदीकांठीं उभें राहिल्यावर त्या गोष्टीचा अर्थ निराळा वाटला.

परंतु बदलापूरची खरी भेट स्थानकाबाहेरच झाली. डोंगराकडील पाड्यांवरून आलेल्या ठाकूर आणि कातकरी बायका रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसल्या होत्या. पानाच्या द्रोणांत टपोरीं जांभळें होतीं. बदलापूरच्या जांभळांचें नांव या बाजूस पूर्वींपासून आहे, आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर त्यांचा हंगाम सरूं लागतो. धाकट्याची जीभ पांच मिनिटांत जांभळी झाली. शेजारच्या टोपलींत मात्र कांहीं वेगळें होतें: तपकिरी-जांभळट, टोकदार, कळ्यांसारखे कोंब जुडीनें बांधलेले, आणि बाजूला आंवळ्याएवढीं लहान हिरवीं फळें.

आजी एकदम खालीं वाकली. "अगो बाई, शेवळीं! आणि काकडेंही!"

"घ्या, आई," टोपलीवाली म्हणाली. "आठ दिवसांनीं मिळायचीं नाहींत. आतां शहरांतल्या कोणाला करतांच येत नाहींत."

शेवळें म्हणजे सुरणाच्या जातीच्या रानकंदाला पावसाच्या आरंभीं येणारा फुलोरा. तो तसाच शिजविला तर घशाला भयंकर खाजतो. आंतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, उरलेलें बारीक चिरून तेलांत चांगलें परतावें लागतें, आणि काकडांचा आंबट रस घालावा लागतो. तेव्हां कोठें खाज मरते. मग वालाच्या बिरड्यांत किंवा चण्याच्या डाळींत त्याची जी भाजी होते तिची रुचि दुसऱ्या कशाला नाहीं. आजीनें ही भाजी आईच्या हाताखालीं केली होती. लग्न होऊन शहरांत आल्यावर पहिलीं कांहीं वर्षें तिनें ती केली. पुढें बाजारांत दिसेना, नोकरीच्या घरांत वेळ मिळेना, आणि मुलांना नको होती. तीस-पस्तीस वर्षें तिनें तो कोंब हातीं धरला नव्हता. घरांत दुसऱ्या कोणालाही तो कसा सोलावा हें ठाऊक नव्हतें.

परतीच्या गाडींत आजीच्या मांडीवर शेवळ्यांच्या चार जुड्या होत्या. अंबरनाथ स्थानक आलें तेव्हां आजोबांनीं पाटीकडे पाहिलें. उल्हासनगर आलें तेव्हां धाकटा "साईं, साईं" असें म्हणत हंसला. नात बराच वेळ गप्प होती. मग ती आजीला म्हणाली, "उद्यां तूं नुसती बस. मी चिरतें, तूं सांग."

"खाजेल हो हाताला."

"खाजूं दे."

दुसऱ्या दिवशीं त्या घरांत शेवळ्यांची भाजी झाली. ती थोडी खाजलीच, कारण एका कोंबांतला पिवळा भाग नवशिक्या हातानें राहून गेला होता. आजोबांनीं पाणी पिऊन पिऊन ती संपविली आणि "पुढच्या वर्षीं जमेल" असा अभिप्राय दिला. पुढच्या वर्षीं आजी असेल कीं नाहीं हें कोणींच बोलून दाखविलें नाहीं. तें प्रत्येकाच्या मनांत होतें. म्हणूनच त्या रात्रीं नातीनें वहींत सर्व कृति क्रमानें उतरून घेतली, आणि आजीकडून दोनदां वाचवून घेतली.

त्याच रात्रीं तिनें जपानांतील मैत्रिणीला पत्र लिहिलें. त्यांत देवळाचीं छायाचित्रें होतीं, शिलालेखांतील चुकलेल्या अंकाची गोष्ट होती, आणि कमळकंदाची हकीकत विशेष विस्तारानें होती. नदीविषयींही तिनें लपविलें नाहीं. शेवटीं तिनें लिहिलें होतें: "तूं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला उशीर झाला. आमच्या घरापासून पांच स्थानकांवर साडेनऊशें वर्षांहून जुनें एक देऊळ आहे. त्याला शिखर नाहीं. तूं येशील तेव्हां तुला दाखवीन. जूनमध्यें आलीस तर आजीच्या रीतीची भाजी मी करून वाढीन."

श्रोतेहो, आपणांपैकीं प्रत्येकाच्या घरापासून कोठें तरी पांच स्थानकांवर, पांच कोसांवर, असें एखादें अंबरनाथ आहे. आणि कदाचित् प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत अशी एखादी कृति आहे जी एकाच व्यक्तीला येते. देऊळ आणखी कांहीं वर्षें वाट पाहील. त्या व्यक्तीला मात्र या रविवारींच विचारावें.